दोन ठोके म्हणजे चल

इंग्लंडमधल्या लीड्सहून शिकून परत आले, तेव्हा आमच्या डोंगरकडा गावच्या जीप स्टँडवर सगळ्यांना वाटलं की आता ही बर्फाच्या आणि राजवाड्यांच्या गोष्टी सांगणार. मी पहिली गोष्ट सांगितली, ती टॅक्सी ड्रायव्हरची निघाली. दुसरीही टॅक्सी ड्रायव्हरचीच. तिसरीला सुरुवात केली तसे गजूकाका म्हणाले, "काहून वं पोरी, येवढं शिकली, समुद्रापार गेली, आन् तिथं बी तुला डायव्हरच भेटले व्हय?"

गजूकाकांची जीप कायम आमच्या बाबांच्या मागच्या नंबरात लागते. त्यामुळे मला टोमणे मारायचा पहिला हक्क त्यांचा.

पण भेटले खरे. असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. जीपच्या मॅटखाली माती साचते, तसे ते साचतात. रोज झाडलं तरी साचतात. आणि एक दिवस मॅट उचलली की कळतं, अर्धं वावर आपण सोबत घेऊन फिरत होतो.

बाबा काळी-पिवळी चालवतात, डोंगरकडा ते नांदेड. मी सरकारी शिष्यवृत्तीवर गेले आणि शिकले तेही प्रवासी वाहतुकीचं नियोजनच. परत आले ते एक वेड घेऊन: आपल्याकडची जीप भरेपर्यंत ताटकळणार नाही, ठरल्या वेळेला सुटेल, आणि कॉलेजच्या पोरीला मागच्या दांडीला लटकावं लागणार नाही. या वेडाला अजून तरी एकच जीप मिळाली आहे, बाबांची. तीही सोमवारीच. त्या दिवशी बाकीचे ड्रायव्हर आमच्याकडं लग्नातल्या बँडकडं बघतात तसे बघतात.

असो. तर किस्से.

*

लीड्सच्या स्टेशनबाहेर पहिल्यांदा टॅक्सीत बसले, तो दिवस. पांढऱ्या दाढीच्या ड्रायव्हरनं माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं होतं. मी दोन्ही बॅगा मागच्या सीटवर ठेवल्या आणि पुढं जाऊन त्याच्या शेजारी बसले. माझी जागा लहानपणापासून तीच. मागं बसायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानं उघडं धरलेलं दार मिटलं. गाडी निघाली. माझं होस्टेल आलं आणि मागं पडायला लागलं. काच खाली होती. मी हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर जोरात एक ठोका मारला.

गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या दोन गाड्यांनी हॉर्न वाजवले. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरनं मला तिथंच उतरवलं असतं. यानं मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं.

"ये ठोका कहाँ से सीखा, बेटा?"

"हिंगोली."

"वो कहाँ है?"

"नांदेड़ के पास."

"और नांदेड़?"

मी जरा विचार केला. "हिंगोली के पास."

त्यांना ते पटलं. मग म्हणाले, "अब्बू क्या करते हैं?"

"जीप चलाते हैं."

नाव, गाव आणि बापाचा धंदा विचारून झाला की पुढचा प्रश्न आपल्याकडं ठरलेला असतो. आडनावावरून अंदाज लागला नाही की लोक तो जरा घोळवून विचारतात. मी त्याचं उत्तर लहानपणापासून मान ताठ करून देत आले आहे. तेव्हाही मी मान ताठ केली आणि थांबले.

"गाड़ी अपनी है या मालिक की?" त्यांनी विचारलं.

"अपनी."

"फिर तो शहज़ादी हो," ते म्हणाले आणि माझ्या बॅगा उतरवायला खाली उतरले.

हे रफीकचाचा. मूळचे पाकिस्तानातल्या मीरपूरचे. तिथं ते तरुणपणी प्रवासी वॅन चालवायचे, आणि तिथंही उतारू पत्र्यावर हात मारूनच गाडी थांबवायचे.

*

रफीकचाचांमुळेच मला काम मिळालं. ते ज्या टॅक्सी कंपनीत होते, तिच्या ऑफिसात शनिवार-रविवार फोन घ्यायला माणूस हवं होतं. ऑफिस म्हणजे एका केबाबच्या दुकानाच्या मागची खोली. दोन फोन, एक वायरलेस, एक किटली आणि कधीच न जुळणाऱ्या सहा खुर्च्या. फोन आला की मी पत्ता लिहून घ्यायचा आणि वायरलेसवर गाडीला सांगायचा.

माझी शिफारस करताना चाचा मालकाला म्हणाले होते, "ड्राइवर की बेटी है. सवारी को भी समझेगी, हमें भी."

सवारीला मी समजून घेतलंच असं नाही. एकदा एका बाईंनी फोनवर विचारलं, "तुमचा ड्रायव्हर वेळेवर येईल ना?" आणि मी सवयीनं म्हणून गेले, "निघालाच आहे." तेव्हा ज्यांना जायचं होतं ते सिल्हेटचे ड्रायव्हर जमालभाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बिस्किट खात होते. त्यांनी बिस्किट खाली ठेवलं आणि म्हणाले, "ये बात हमारे सिल्हेट में भी ऐसे ही बोलते हैं."

*

ठोक्यांचा वाद त्याच खोलीत झाला.

रफीकचाचांनी माझी ओळख "ठोकेवाली" अशी करून दिली होती. जमालभाई म्हणाले, आमच्याकडं बांगलादेशात गाडीचा पोऱ्या मागं लटकतो आणि पत्र्यावर हात मारतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल.

मी म्हटलं, आमच्याकडंही तसंच. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीच्या घंटीचाही हिशोब तोच.

चाचा म्हणाले, "तो और क्या होगा? एक में आदमी रुकता है, दो में चलता है. दिल भी दो ही मारता है."

कोपऱ्यात तेस्फाय बसला होता. तो आफ्रिकेतल्या इरिट्रियाचा. उंच, शांत, आणि आमचं हिंदी त्याला कळत नसल्यामुळे कायम सौम्य हसणारा. मी त्याला इंग्रजीत वाद समजावून सांगितला. तो उठला, खिशातून एक नाणं काढलं आणि पत्र्याच्या कपाटावर वाजवलं. टक. मग टक, टक.

"मी पोरगा असताना मिनीबसवर होतो," तो म्हणाला. "दारात उभा. एक, थांब. दोन, जा."

हिंगोली, मीरपूर, सिल्हेट आणि इरिट्रिया. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकच भाषा कुठून शिकली? मला तर आतून उजळल्यासारखं झालं. मी त्यावर प्रकल्पच लिहायचा ठरवला. प्राध्यापकांनी विचारलं, "याला संदर्भ काय?"

मी म्हटलं, "रफीकचाचा."

प्रकल्प दुसऱ्या विषयावर झाला. पण तो प्रश्न मला अजून सोडत नाही. कुणाला माहीत असेल तर स्टँडवर येऊन सांगा.

*

एका दुकानात मला ज्वारीचं पीठ सापडलं. पिशवीवर भलतंच काहीतरी लिहिलं होतं, पण वासावरून ओळखलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली. चाचांनी चटणी खाल्ली. जमालभाईंनी भाकरी उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "इसमें भात कहाँ है?"

तेस्फायनं मात्र एक तुकडा मोडला, हुंगला आणि खाली बसला.

"मशेला," तो म्हणाला.

त्याच्या भाषेत ज्वारीचं नाव ते. त्याची आई त्याच पिठाची, पण आंबवून, जाळीदार मोठी पोळी करते. मी रात्री बाबांना फोनवर सांगितलं की इथं ज्वारी खाणारा माणूस भेटला. बाबा म्हणाले, "कडबा काय करतेत इचार."

विचारलं. गुरांना घालतात. बाबांचं समाधान झालं. त्या दिवसापासून ते फोनवर आधी "तो ज्वारीवाला कसा हाय?" असं विचारायचे, मग मला.

*

ज्वारीवाल्याचं एक कोडं होतं.

आमच्या कंपनीत विमानतळाची फेरी सगळ्यांना हवी असायची. लांबचा रस्ता, बोलकी सवारी. तेस्फायचा नंबर लागला आणि विमानतळ आलं की तो वायरलेसवर म्हणायचा, "दुसऱ्याला दे." दर वेळी. मला वाटलं, त्याला मोठ्या रस्त्याची भीती आहे. मग वाटलं, कुणीतरी त्याला दाबतंय. मी तेव्हा नुकतंच न्याय्य पाळी-वाटप शिकत होते. मी भिंतीवर एक सुंदर तक्ता लावला, प्रत्येकाला विमानतळाची सारखी पाळी. ड्रायव्हरांनी तक्त्याचं मनापासून कौतुक केलं आणि त्याच्या खिळ्याला आपापली जॅकेटं अडकवली.

शेवटी मी तेस्फायलाच विचारलं.

तो देश सोडून निघाला तेव्हा त्याच्या बायकोला दिवस गेले होते. ती नंतर निघून शेजारच्या इथिओपियात अदिस अबाबाला पोचली आणि तिथंच अडकली. मुलगी तिथंच जन्मली, तिथल्या मिनीबसमधून आईबरोबर फिरत वाढली, आता सात वर्षांची होत आली होती. तिनं बापाला फोनच्या काचेशिवाय कधी बघितलं नव्हतं. व्हिसाचे कागद गेले होते, परत आले होते, पुन्हा गेले होते.

"त्या दोघी उतरतील त्या दिवशी मी विमानतळावर जाईन," तो म्हणाला. "त्याच्या आधी दुसऱ्या कुणासाठी नाही."

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नवस हाय त्याचा."

"बाबा, आपण कुठं नवस मानतो?"

"आपून न्हाई मानत," बाबा म्हणाले. "पण त्याला म्हणा, पाळ."

*

एका रविवारी दुपारी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तेस्फायच्या हातात दिला. तिकडं संध्याकाळ. बाबा स्टँडवर होते, त्यामुळे पडद्यावर बाबा, गजूकाका आणि अर्धं डोंगरकडा.

दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. बाबांनी सरळ बॉनेट उघडलं आणि फोन इंजिनावर धरला. तेस्फायनं एका नळीकडं बोट दाखवून मान हलवली. बाबा गजूकाकांना म्हणाले, "बघ, तिथून बी त्याला दिसली गळती. तुला इथून दिसंना."

मग तेस्फाय मला म्हणाला, "त्यांना एक विचार. माझी मुलगी फोनवर माझ्याशी बोलत नाही. मी दिसलो की फोन आईकडं देते. इथं आल्यावर ती घाबरली तर मी काय करू?"

मी विचारलं. सात वर्षांच्या लेकराला बापाची ओळख कशी करून द्यायची, हा प्रश्न नांदेडच्या उतारूंसहित सगळ्यांनी मनावर घेतला.

"चाकलेट दे म्हणा," गजूकाका म्हणाले.

"चाकलेट तर दुकानदार बी देते," बाबा म्हणाले. "त्याला सांग, लेकराला म्होरं बशीव. आपल्या बराबर. काचातून सगळा रस्ता दिसला पायजे. म्होरं बसलेलं लेकरू डायव्हरला परकं समजत न्हाई."

"तुमास्नी कसं ठावं?" मागून कुणीतरी म्हणालं.

बाबांनी फोनमध्ये माझ्याकडं बोट दाखवलं. "ही काय. आजून म्होरंच बसती."

तेस्फायला मी भाषांतर करून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो लहान मुलांची सीट घेऊन आला, निळी, आणि ती त्यानं गाडीत पुढं बसवली. त्यानंतर कितीतरी आठवडे त्याच्या सवाऱ्या मागं बसल्या. कुणी पुढं बसायला लागलं की तो नम्रपणे म्हणायचा, "ती जागा घेतलेली आहे."

*

व्हिसा आला तो दिवस. तेस्फाय आत आला, किटलीत पाणी भरलं आणि किटली चालू न करता समोर उभा राहिला. चाचांनी त्याच्या हातातला फोन घेऊन वाचला आणि सगळ्या गाड्यांना वायरलेसवरून सांगितलं.

आता त्या खोलीत एक रिवाज होता. कुणाचं घरचं माणूस देशातून येणार असेल, तर त्यानं त्या दिवशी गाडी चालवायची नाही. दुसऱ्यानं चालवायची. ज्याचं माणूस, त्यानं मागं आपल्या माणसापाशी बसायचं. जमालभाईंची आई आली तेव्हा चाचांनी गाडी चालवली होती. चाचांची बायको आली तेव्हाही कुणीतरी चालवलीच होती. आपल्याकडं नाही का, वरमाईनं त्या दिवशी चुलीपाशी जायचं नसतं.

"मैं चलाऊँगा," चाचा म्हणाले. "तू पीछे बैठेगा, शहज़ादे की तरह."

मी तेस्फायला सांगितलं. तो म्हणाला, "नाही."

खोलीत असं 'नाही' कुणी चाचांना म्हणत नसे. चाचांनी चष्मा काढला. "क्यों?"

तेस्फाय माझ्याकडं बघत, पण त्यांच्यासाठी बोलला. "तिनं मला कधी काही करताना बघितलं नाही. फोनवर मी नुसता चेहरा आहे. मला एकच गोष्ट चांगली येते. ती तिनं बघू दे."

चाचांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडं वळले. "तू साथ जा, बेटा. इसकी आँखें भर आईं तो सड़क तू देखना."

"आणि फोन कोण घेणार?"

"मैं लूँगा," चाचा म्हणाले. नंतर कळलं की त्या दिवशी त्यांनी फोन करणाऱ्या प्रत्येक सवारीला आधी तेस्फायची हकीकत सांगितली आणि मग पत्ता विचारला.

*

मँचेस्टरचं विमानतळ. सकाळ. तेस्फायनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गाडी इतकी धुतली होती की आत बसताना मला माझे बूट लपवावेसे वाटले. वाटेत तो एकदाच बोलला, "तुझे बाबा नक्की म्हणाले ना, पुढं?"

"नक्की म्हणाले."

दार सरकायचं, माणसं यायची, दार मिटायचं. मग एक बाई आली, पांढरी ओढणी घेतलेली, ढकलगाडीवर दोन पोती बांधल्यासारख्या बॅगा. तेस्फाय पुढं झाला. त्या दोघांचं काय झालं ते मी बघितलं नाही. मी नजर दुसरीकडं वळवली, तर आणखी कुणीतरी तसंच दुसरीकडं बघताना दिसलं. आईच्या मागं, तिच्या ओढणीचं टोक दातात धरून, एक पोरगी.

सलाम. हे तिचं नाव.

तेस्फाय गुडघ्यावर बसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. ती आईच्या आणखी मागं गेली. त्यानं हात पुढं केला. तिनं हाताकडं बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं, जणू फोनमधला माणूस आणि हा माणूस ती ताडून बघत होती. आई हळू आवाजात तिला काही सांगत राहिली. सलाम हलली नाही.

आम्ही चौघं गाडीपर्यंत आलो. तेस्फायनं पुढचं दार उघडलं. निळी सीट चकचकत होती. त्यानं सीटवर हात ठेवून दाखवलं, ये.

सलामनं एकदा सीटकडं बघितलं, आणि मागचं दार ओढून आईसोबत आत जाऊन तिच्या मांडीवर बसली.

बाबांचा सल्ला तिथं, त्या पार्किंगमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत संपला. तेस्फायनं निळी सीट पुढून काढली आणि मागं बसवली. सलाम आईच्या मांडीवरून त्या सीटवर सरकली. तो पट्टा लावायला वाकला, तर तिनं पट्टा स्वतःच्या छातीशी घट्ट धरला. मग आईनं लावला. तो मागं झाला, दार मिटलं आणि येऊन स्टीअरिंगवर बसला.

मी पुढं, माझ्या नेहमीच्या जागेवर.

त्यानं किल्ली लावली. फिरवली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. आमच्या जागेसाठी मागं एक गाडी थांबली. मग दुसरी.

"तेस्फाय," मी म्हणाले. "निघायचं?"

त्यानं आरशात बघितलं. मीही बघितलं. आरशात सलामचा चेहरा खिडकीकडं वळलेला होता, तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं तरी. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तेस्फायचे हात हलले नाहीत. रस्ता मी बघायचा होता, पण रस्ता अजून सुरूच झाला नव्हता.

सलामनं चेहरा खिडकीकडंच ठेवला. फक्त तिचा हात वर आला, आणि तिनं दाराच्या आतल्या बाजूवर तळहात मारला.

एक.

दोन.

तेस्फायनं किल्ली फिरवली.